पहिला सूर माझा

५ एप्रिल १९५९, रविवार
ट्रंपेट घरी आला. अमेरिकन मेक, चांदीचा मुलामा, पेटीला आतून लाल मखमल. धोबीतलावच्या एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाने दिला. बदल्यात माझी सायकल आणि वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ. तो म्हणाला, यात लग्न, मर्तिक, चर्च, सर्कस सगळं वाजतं, फक्त वाजवणारा हवा. म्हटलं, तो तुमच्यासमोरच उभा आहे.

आमच्या प्रभात ब्रास बँडचा मुख्य ट्रंपेटवाला गेल्या महिन्यात मुंबईला गेला तो गेलाच. जागा रिकामी आहे. मी नऊ वर्षं झांजा वाजवतोय. झांजवाला पंगतीत जेवला की नाही हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही. आता बस्स. वैशाखात मी पुढे, बँड मागे.

दमयंतीने विचारलं, आता भातगिरणीत कामावर कसं जाणार? नवऱ्याच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट घडते आणि बायकोला सायकल आठवते.

६ एप्रिल, सकाळ
आवाज आला नाही. हवा फार दमट आहे.

संध्याकाळ
आला. एकच आला, पण काय आला. शेजारच्या कमळाबाईंच्या हातून परात पडली. साध्यासुध्या आवाजाने परात पडत नाही.

९ एप्रिल, पाडवा
संकल्प. रोज दोन तास प्रॅक्टिस, कितीही पाहुणे आले तरी. पेटीत एक इंग्रजी पुस्तक निघालं. पहिल्या पानावर लिहिलंय की सुरुवातीला एकच सूर लांबवत राहा. म्हणजे मी करतोय तेच. दुसरं पान उघडायची घाई नाही. पाया पक्का हवा.

(आज पाहुणे आल्यामुळे प्रॅक्टिस झाली नाही.)

१२ एप्रिल, रविवार
बँडमधल्या जाणकारांची इम्प्रेशन्स घ्यायचं ठरवलं. आधी काशिराम. हा आमचा दुय्यम ट्रंपेटवाला. त्याचं स्वतःचं वाद्य पोचे आलेलं, मधली चावी अडकते. त्याने हात धोतराला पुसून ट्रंपेट घेतला आणि आधी एक अभंग वाजवला, इतका हळू की आतल्या खोलीत निजलेलं शेजारचं पोर जागं झालं नाही. मग वरातीची धून, मग काहीतरी नाटकातलं. ओट्यावर बायका जमल्या. दमयंती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. काशिरामचा अभिप्राय: ‘याला जोर लावावा लागत नाही, नुसतं सांगावं लागतं.’

यावरून वाद्याचा दर्जा कळतो. काशिरामच्या हातात एवढं वाजतं, तर मालकाच्या हातात किती वाजेल.

तो गेल्यावर मीही वाद्याला सांगून पाहिलं. सूर तोच आला. काशिरामने बहुधा एखादी चावी बिघडवून ठेवली.

१४ एप्रिल
चालत गेल्यामुळे गिरणीत उशीर. शेठ बोलले. ओठ सुजलेत म्हणून उत्तर देता आलं नाही. त्यांना वाटलं मी मुजोरी करतोय. मोठ्या वादकांचे ओठ सुजतातच.

१९ एप्रिल, रविवार
धर्मराज मास्तरांना ट्रंपेट दाखवला. मास्तर म्हणजे आमच्या बँडचे मालक, मूळचे उरणकडचे कोळी. पुढचे दोन दात नाहीत, तरी वाजवला. डोळे मिटून बराच वेळ वाजवला. मग म्हणाले, ‘व्हरीवर पन आयकू जाईल, न देवलान पन लाज नाय आननार.’ म्हणजे होडीवर काय, देवळात काय, बहुगुणी. मी तरी दुसरं काय म्हणत होतो?

मग त्यांनी विचारलं, हा वाजवणार कोण? म्हटलं, मालक. मास्तरांनी तंबाखू मळायला घेतली आणि बराच वेळ मळतच राहिले. ही मूक संमती.

२३ एप्रिल
झोप नाही. उठतो, पेटी उघडतो, बघतो, बंद करतो. उशीत तोंड घालून बोटांची प्रॅक्टिस केली. बोटं उत्तम चालतात. आता राहिलं फक्त फुंकायचं.

२६ एप्रिल, रविवार
कमळाबाईंनी दमयंतीकडे तक्रार केली, म्हणून आजपासून प्रॅक्टिस खाडीकाठी, बंदरावर. तिथे बळीराम भेटला. आमचा ढोलवाला, राहणार कामोठे. माझा सूर त्याने शेवटपर्यंत ऐकला. मग चेहरा गंभीर करून म्हणाला, ‘त्रिंबकराव, आमचे गावान मिठागराचा बांद फुटला का आसाच शिंग फुकतान. आयकून मानसा फावरी घेऊन धावतान.’

एवढी मोठी दाद मला आजवर मिळाली नव्हती. माणसं धावत यावीत, याहून कलावंताला काय हवं?

३ मे, रविवार
मास्तरांकडे बैठक. बावीस तारखेला कामोठ्याला बळीरामच्या पुतणीचं, वेणूचं लग्न. काशिरामच्या वाद्याची चावी आता पार बसली. मास्तर म्हणाले, पुढे काशिराम राहील, ट्रंपेट तुमचा घेऊ. मी स्वच्छ सांगितलं, ट्रंपेट येईल तर मालकासकट येईल. पुढे मी नसेन तर पेटी घरून हलणार नाही.

काशिराम खाली बघत होता. मला जरा वाईट वाटलं, पण नऊ वर्षं मी कुठे बघत होतो ते कुणी विचारलं होतं का?

शेवटी तोड निघाली. मांडवाच्या दारात पहिला सूर मी द्यायचा. मग ट्रंपेट काशिरामकडे आणि मी झांजांवर. मान्य केलं. पहिला सूर माझा. पुढचं वाजवायला काय, माणसं ठेवलेलीच आहेत.

१० मे, अक्षय्य तृतीया
नवा संकल्प: लग्नाआधी दुसरा सूर आणायचा. त्यासाठी मिरची बंद, चहा बंद, गिरणीत बोलणं बंद.

१२ मे
दुसरा सूर नाही. मिरची सुरू केली. बहुधा तिच्यावाचूनच अडलं होतं.

१५ मे
दुसरा सूर नाही. पण पहिल्याचं वजन वाढलंय. आज बंदरावरचे मचवेवाले उठून उभे राहिले.

१७ मे, रविवार
बळीराम घरी आला. म्हणाला, शुक्रवारी पुनव हाय, दुपारी उधाण. मीठ अजून मिठागरातच पडलंय, राशीच्या राशी. गावाचे कान बांधाकडे असतात. तेवढा पहिला सूर काशिरामला घेऊ द्या, मंग दिवसभर तुमी पुढं उभे रावा.

यामागे कोण आहे हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. सांगितलं, ठरलं ते ठरलं. दमयंतीने त्याला चहा दिला आणि मला म्हणाली, ऐका ना त्यांचं. घरातसुद्धा फितुरी.

२१ मे
लाल कोटाला इस्त्री केली. बटणं राखेने घासली. जेवण गेलं नाही. घरातल्या घरात पन्नास फेऱ्या. दमयंती म्हणाली, जरा बसा. बसलो, लगेच उठलो. उद्या सगळं कामोठं माझ्याकडे बघणार.

२३ मे, शनिवार
काल लिहायला झालं नाही.

भर दुपारी पोचलो. मांडवात ठमाबाई धवला गात होत्या. ठमाबाई म्हणजे त्यांच्यातली धवलारीण. लग्न तीच लावते, गाऊन. तिचं गाणं चालू असताना कुणी वाद्य वाजवत नाही. ती थांबली, नवरदेव दारात आला, मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सूर दिला. आयुष्यातला सगळ्यात चांगला सूर. लांब, भक्कम, जराही हलला नाही.

सगळे पुरुष उठले. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. खोटं कशाला लिहू, क्षणभर छाती फुगली. ते माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. कुणी फावडं घेतलं, कुणी घमेलं, कुणी मांडवाचा वासाच उपटला. नवरदेवही मिठागरातलाच. मुंडावळ्यांसकट धावला. बळीराम ढोल टाकून त्यांच्यामागे, हात हलवत, ‘बांद नाय फुटला, परत फिरा’ म्हणून ओरडत. पण उधाणाच्या दिवशी असल्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

मांडवात बायका उरल्या. सगळ्या खाडीकडे बघत होत्या. एक म्हातारी मटकन खाली बसली. वर्षाचं मीठ होतं त्यांचं. पाणी शिरलं असतं तर घरात काय राहिलं असतं? वेणू हिरव्या चुड्याचे हात तोंडावर धरून रडत होती. मी ट्रंपेट काखेत घेऊन तिच्यासमोर उभा. कुठे जावं कळेना.

पुरुषांनी भरतीत सगळा बांध पायाखाली घातला, मगच परतले. गुडघ्यापर्यंत चिखल, नवरदेवाच्या धोतराचं फडकं झालेलं. मुहूर्त टळला होता. मला वाटलं, आता मारतील. कुणी मारलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. एकाने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाला, ‘घ्या, तुमी पन घाबरलाव.’ त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

गोरज मुहूर्त धरला. माणसं बसली, पण मांडवाला कळा नव्हती. बळीराम माझ्याजवळ आला. काशिरामकडे नुसता हात केला. मी ट्रंपेट काशिरामला दिला आणि झांजा घेतल्या.

ठमाबाईंनी धवला पुन्हा धरला. त्यांचा आवाज दुपारच्या गडबडीने बसला होता, मध्येच तुटायचा. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा काशिरामने त्यांचाच सूर हळूच दिला. सगळे चपापले. ठमाबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो सूर धरून पुढे गायल्या. मग शेवटपर्यंत दोघं बरोबर. वेणूने डोळे पुसले. वरातीत त्याच ट्रंपेटने असा दणका दिला की चिखलाचे पाय घेऊन म्हातारे नाचले. बळीराम ढोल वाजवता वाजवता हसला. तेव्हा मला रडू आलं. झांजेचा ठेका दोनदा चुकला. कुणाच्या लक्षात आला नाही.

दीड महिना मी हवेला, मिरचीला आणि काशिरामला दोष दिला. वाद्यात काहीच दोष नव्हता.

२४ मे, रविवार
सकाळी काशिराम पेटी परत द्यायला आला. ट्रंपेट आतून बाहेरून पुसून आणला होता. ओठ अजून दुखतात, आराम हवा, असं सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. म्हटलं, तुझ्याकडेच राहू दे. त्याने दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा हो म्हटलं. पेटी छातीशी धरून गेला. चहाही अर्धाच प्याला.

दुपारी दमयंती गहू निवडत बसली होती. मला म्हणाली, बळीरामची बायको बाजारात भेटली होती, कामोठ्याला तुमचा ट्रंपेट फार छान वाजला म्हणे. मी म्हटलं, हो. कोणी वाजवला, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जरा वेळाने ती सरकली, सुपापाशी मला जागा केली आणि मी तिच्याबरोबर गहू निवडत बसलो.