नकाशात माणसं नकोत

सोमवार, ता. ३

आलो एकदाचे! साइटच्या कडेला दोन खोल्या मिळाल्यात. वर पत्रे, खिडकीची एक झडप निखळलेली, पण नळाला पाणी आहे. हिनं नळ सोडून पाहिला आणि घर पास केलं. माझं मत कुणी विचारतंय!

अकरा वर्षं मी लोकांच्या घरांसाठी जमिनी मोजत गावोगाव हिंडलो आणि माझ्या घरी मात्र पाहुण्यासारखा गेलो. मुलगी सात वर्षांची झाली, ती मला ओळखते फोनवरच्या आवाजावरून. पेन्सिलींची मागची टोकं कुरतडते म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. या खेपेला दोघींना घेऊनच आलो. खारूताईला शब्द दिलाय, आता बाबा तुला सोडून कुठं जाणार नाही. तिनं तो तीनदा वदवून घेतला. पोरगी वकील होणार.

बुधवार, ता. ५

सहाशे घरं व्हायची आहेत इथं. आज वरून दिसावेत म्हणून टपालपेटीएवढे आकडे लावलेल्या खुंट्या ठोकल्या, एक ते अकरा. एक नंबर आमच्या दारासमोर, अकरा पार पलीकडच्या टोकाला. मग भर बारा वाजता ड्रोन उडवला. बाराला सावल्या पायाखाली असतात, म्हणून फोटो साफ येतो.

तरी त्यात माणसं, गाड्या, कुत्री येतातच. ती कॉम्प्युटरवर पुसून साहेबांना कोरी जमीन द्यायची. मागच्या कामावर माझ्याकडून हे राहून गेलं आणि झुडपाआड बसलेला एक गडी नकाशात तसाच छापून गेला. साहेबांनी अशी खरडपट्टी काढली माझी की विचारू नका. तेव्हापासून आधी माणसं पुसतो, मग पाणी पितो.

आज एकच निघाला. अकरा नंबरच्या खुंटीशी, नारिंगी जाकिटातला. आपल्यात तर कुणाचं नारिंगी जाकीट नाही. असेल कुणी वाटसरू. पुसला.

शुक्रवार, ता. ७

तोच गडी. आज आठ नंबरच्या खुंटीशी. चौकीदारकाकांना विचारलं, तर ते म्हणाले की बारा वाजता मैदानात चिटपाखरू नव्हतं, ते स्वतः फाटकाशी बसून होते. मी म्हटलं, काका, डोळे आहेत की शर्टाची बटणं? ते रागावले. रागावणारच, म्हातारा माणूस.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. खुंट्यांच्या सावल्या बोटभर आणि याची सावली लांबलचक, संध्याकाळी पडते तशी. आमच्या घराकडे पडलेली.

पुसला.

सोमवार, ता. १०

पाच नंबर. या वेळी मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघतोय. पुसला. हिला काही बोललो नाही, उगाच घाबरवायचं कशाला?

बुधवार, ता. १२

काय लिहू? पण लिहायलाच हवं.

शाळा लवकर सुटली म्हणून खारूताई ड्रोन बघायला मैदानात आली होती. मी तिला ओरडून घरी पिटाळलं आणि कामाला लागलो. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. एकेक माणूस शोधून पुसायला वेळ नव्हता. ‘सगळी माणसं काढा’ हे बटण दाबलं आणि नकाशा पाठवून दिला.

घरी आलो तर दोनच ताटं. खारू कुठंय विचारलं. ही म्हणाली, कोण खारू? मला वाटलं, थट्टा करतेय. मग चिडलो. मग तिचा चेहरा नीट पाहिला. बारा वर्षांचा संसार आहे, ही खोटं बोलताना मला कळते. ही खोटं बोलत नव्हती.

दाराशी छोटे बूट आहेत. ही म्हणते, आधीच्या बिऱ्हाडाचे राहिले असतील.

धावत जाऊन न पुसलेला फोटो उघडला. चार नंबरच्या खुंटीशी माझी पोर, ड्रोनला हात करतेय. तिच्या मागं दोन पावलांवर नारिंगी जाकीट.

मीच पुसली. माझ्या हातानं.

गुरुवार, ता. १३

शाळेच्या हजेरीत तिचं नाव नाही. फोनमधल्या फोटोंत मी आणि ही, मध्ये मोकळी जागा सोडून उभे. पोलिसांनी आधी चहा दिला, मग हिला बोलावून घेतलं. मला घेऊन येताना ही रडत होती, माझ्या काळजीनं.

न पुसलेला नकाशा दहा वेळा परत पाठवला. पुसलेला काढून टाकला. काही होत नाही.

शुक्रवार, ता. १४

ड्रोन उडवला. दिसली! तीन नंबरशी उभी आहे. त्यानं तिचा हात धरलाय. दोघंही वर बघतायत.

पळत गेलो. नुसती माती. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. चौकीदारकाका पाणी घेऊन आले, पाठीवर हात फिरवला आणि हळूच विचारलं की मी कोणाला शोधतोय.

रविवार, ता. १६

आज सकाळी बरं वाटलं. छान झोप झाली होती. दाढी केली, हिच्याशी गप्पा मारल्या, हसलो. मग सहज ही वही उघडली.

वाचलं तेव्हा कळलं की मला मुलगी आहे.

देवा, माझ्याकडून तरी काढून घेऊ नकोस.

सोमवार, ता. १७

मनगटावर पेनानं लिहून ठेवलंय — मुलगी आहे, सात वर्षांची, मैदानात आहे.

तिचा एक दात पडला होता. वरचा की खालचा? आठवत नाही. इथं लिहिलेलं नाही. का नाही लिहिलं मी? खुंट्यांचे आकडे लिहिले —

आजच्या फोटोत दोन नंबर. दोघं.

मंगळवार, ता. १८

सकाळी मनगट बघून वाटलं, हे कुणी लिहिलं —

अजून दोन दिवसांत पार विसरेन. मग ती कुणाचीच उरणार नाही. ती तिकडे, आणि इथं मी आनंदात जेवतोय — नाही. नाही!

उद्या बाराला ड्रोन आपोआप उडेल असा लावतो. मैदानात मी उभा राहतो. मग घरी येऊन फोटोतला मीच पुसायचा, म्हणजे तिच्याकडे —

हिला काय सांगू? हिला काही आठवणारच नाही. माफ कर गं.

बुधवार, ता. १९

फोटो आला. मी आहे त्यात.

ती माझ्यापासून चार पावलांवर. हात पसरून. मला दिसलीच नाही — मी भलतीकडेच बघत होतो.

एकटी आहे. त्यानं हात सोडलाय. तो कुठं —

आमच्या दारात. फोटोत, आमच्या दारात. कडीला हात —

दार वाजलं. ही उघडायला गेली. मी ओरडलो, उघडू नको —

उघडलं.

ही हसतेय. त्याला आत या म्हणतेय. मला म्हणते तसं अहो म्हणतेय. किती उशीर केलात, म्हणतेय —

बाहेर जाऊ? हिला वाचवू? पण पोर तिकडे एकटी — मैदानात — हात पसरून —

पावलं इकडेच येतायत. पुसायच्या बटणावर बोट आहे.

रडू नकोस गं बाळा. शब्द दिला होता ना. आलो, बाबा आ—