सिंथवरचा वारा

मंगळवार संध्याकाळ, बिरवाडी

वैतागलेय. शाळेच्या नाटकात आंबेनळी घाटातला वारा हवा, म्हणून जुन्या सिंथेसायझरशी चार दिवस झटतेय. यात तयार आवाज एकही नाही, बटणं फिरवून आपणच घडवायचा. काल बाबांना ऐकवला. ते रोज घाटातून टेम्पो नेतात. म्हणाले, "वारा नाय गो हा, कुकर हाय." मग त्यांनीच फुंकून दाखवलं, आणि त्यांच्या श्वासाबरोबर मी एकेक बटण हळूहळू फिरवत गेले. जमलं! अंगावर काटाच आला. पण मशीनला काही लक्षात राहत नाही, बटणांच्या जागा लिहून का नाही ठेवल्या मी? आज घरी आले तर सगळी बटणं भलतीकडे. आई फडकं घेऊन उभी. "किती धूळ होती गो त्याच्यावर!" नाटक उद्या. मी वही-पेन घेऊन बाबांच्या टेम्पोची वाट बघत बसले. आईवर ओरडले असते तर रडू मलाच आलं असतं.