तुझ्या मनगटाला झेपेल ते कॅलिबर

शारजा, शनिवार

प्रिय तेरू,

पॉइंट फोर फाइव्ह घेऊ नकोस. आधी हे उत्तर, बाकीचं सावकाश वाच. ह्यूस्टनच्या त्या दुकानदाराने तुला सांगितलं की बाईमाणसाने मोठंच कॅलिबर घ्यावं, एका गोळीत माणूस आडवा होतो. त्याने स्वतः आयुष्यात किती माणसं आडवी केली आहेत ते विचारायला हवं होतंस. चौदा वर्षं मी या नेमबाजी क्लबच्या रेंजवर उभी आहे. सर्वांत मोठी बंदूक मागतो तो माणूस हटकून कधीच बंदूक न चालवलेला असतो. पहिल्या गोळीला त्याचे हात कपाळापर्यंत उडतात, दुसऱ्या गोळीला तो आधीच डोळे मिटतो, आणि तिसरी गोळी कागदाला न लागता मागच्या भिंतीत जाते. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्याच जोराने बंदूक मागे येते. हे मी वसईच्या कॉलेजात बी.एस्सी.ला शिकले, आणि शारजात उभं राहून रोज पाहते. दुकानदार काही म्हणो, हा नियम त्याच्या दुकानातही लागू आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण नको. तुमचा संसार होता तेव्हा तुझे मेसेज फ्रेडी सहा महिने त्याच्या लॅपटॉपवर वाचत बसला होता, हे मी विसरलेले नाही. इथली ॲनेट सुनेच्या बाळंतपणाला ह्यूस्टनला निघाली आहे, हे पत्र ती तुझ्या हातात देईल. तिला काही विचारत बसू नकोस. तिला काही माहीत नाही आणि तिच्या पोटात काही राहतही नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. कोणत्या गोळीने सर्वांत मोठं भोक पडतं, असं तू विचारलं आहेस. रेंजवर येणाऱ्यांना मी त्यांच्या प्रश्नावरून ओळखते. घाबरलेला माणूस विचारतो, वजन किती, माझ्या हातात बसेल का, चटकन निघेल का. भोक किती मोठं पडेल हे विचारणारा घाबरलेला नसतो, त्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी उभं असतं. तुझ्या डोळ्यांसमोर कोण उभं आहे ते मला ठाऊक आहे. ते वाचून मला धक्का बसला असं मी लिहिणार नाही. बरं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, त्याचा सूड घ्यावा असं फक्त मलाच वाटतं.

पण सूड वेगळा आणि घरी परत येणं वेगळं. अलिना पंधरा वर्षांची आहे, तिला आई हवी, तुरुंगातली आई नको. म्हणून आता कॅलिबर नीट समजून घे. कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, दुसरं काही नाही. टू-टूची गोळी बारीक, झटका जवळपास नाही, पण ती कधीकधी पेटतच नाही, आणि ज्या क्षणी पेटायला हवी त्याच क्षणी पेटली नाही तर काय करशील? थर्टी-एट रिव्हॉल्व्हर साधं असतं, पण पर्समध्ये मावणाऱ्या लहान हलक्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब आणि जड, आणि झटका हाडात जातो. नाइन एमएम सगळे घेतात, ते योग्यच आहे. तुझे दोन्ही हात धड असते तर मी एका ओळीत नाइन एमएम लिहून पत्र संपवलं असतं. पण पिस्तुल भरताना त्याची वरची स्लाइड मागे ओढावी लागते. लहान नाइन एमएमची स्प्रिंग घट्ट असते. ती तुझ्या उजव्या हाताने ओढली जाणार नाही, आणि डाव्या हाताने ओढायची तर पकडायचं उजव्यानेच. तुला दुधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही हे मी गेल्या नाताळात व्हिडिओवर पाहिलं. तू बाटली अलिनाकडे सरकवलीस, मी पाहिलं नाही असं तुला वाटलं.

म्हणून थ्री-एटी घे. जाडी नाइन एमएमइतकीच, फक्त दारू कमी. हल्ली थ्री-एटीत सैल स्प्रिंगची पिस्तुलं मिळतात, म्हातारी माणसं आणि संधिवातवाले घेतात. अगदी चिमुकलं घेऊ नकोस, थोडं वजनदार घे, वजन झटका खातं. विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन पन्नास गोळ्या मारून बघ. पन्नासावी गोळी पहिलीच्या जवळ लागली तर ते तुझं पिस्तुल. पर्समध्ये सुटं टाकायचं नाही, कमरेला कव्हरमध्ये, ट्रिगर झाकलेला. घरी आलीस की कुलुपात, अलिनाला किल्ली ठाऊक असता कामा नये. दुकानदार हसला तर हसू दे. त्याचं मनगट कोणी दोनदा मोडलेलं नाही.

दोनदा. कॅलिबर निवडायला बसले आणि त्या मनगटापाशी येऊन थांबले. पहिल्या वेळी अलिना चार महिन्यांची होती. अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या व्हिलात तुम्ही मागच्या दोन खोल्यांत राहत होता, फ्रेडीची हॉटेलात नुकतीच बढती झाली होती. तुझा फोन आला तेव्हा मी शारजाहून टॅक्सी करून दोन तासांत पोहोचले. हॉस्पिटलच्या फॉर्मवर इजा कशी झाली असा रकाना होता. तुझा हात चालत नव्हता म्हणून फॉर्म मी भरला. डॉक्टर भली बाई होती, तिने मला बाजूला नेऊन हळू आवाजात पुन्हा विचारलं. मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरली. कारण तुझा व्हिसा त्याच्या नावावर होता. पोलीस आले असते तर तो तुझा व्हिसा रद्द करणार, चार महिन्यांचं बाळ घेऊन तू नंदाखालला परत जाणार, आणि गावात सगळे म्हणणार, आई नसलेल्या पोरीला मोठ्या बहिणीने कुठे दिली बघा. ते स्थळ मी आणलं होतं. दुबईतल्या चर्चमधल्या मराठी मिस्सेच्या वेळी मीच त्याला पाहिलं होतं. गिटार वाजवायचा, सगळ्यांना यल्ला यल्ला, चला चला करत खुर्च्या लावायचा. मला वाटलं, हसतमुख आहे.

दुसऱ्या वेळी तेच हॉस्पिटल, तोच रकाना, आणि मी तेच लिहिलं. या वेळी डॉक्टर दुसरा होता, त्याने काही विचारलंच नाही. तू पलंगावर बसून माझ्या हाताकडे बघत होतीस. पुढची तीन वर्षं, ह्यूस्टनला निघून जाईपर्यंत, तू त्याच्याकडे राहिलीस आणि मी दर शुक्रवारी फोन करून तुला सांभाळून घे म्हणत राहिले. आज कोणी रेंजवर येऊन असं बोललं असतं तर मी त्या बाईला बाहेर काढलं असतं.

इथलं बाकी ठीक आहे. गुडघा दुखतो. शेजारची गिरिजा गावाहून आली, तिने सुक्या बोंबलांचं पुडकं आणलं आणि पूर्ण मजल्यावर वास पसरला, वॉचमनने येऊन विचारपूस केली. तहा, माझा सुदानी सहकारी, त्याला तू ओळखतेस, तो आता सीनियर झाला. माझं मात्र काम बदललं आहे. मागच्या आठवड्याच्या गुरुवारपासून मी नेमबाजांच्या लेनवर उभी राहत नाही, रिसेप्शनवर बसून फॉर्म तपासते. ते का, तेही सांगते.

फ्रेडी आला होता.

गुरुवारी सकाळी. तो सध्या दुबई सिलिकॉन ओएसिसला राहतो, तिथून फक्त माझ्यासाठी आला हे उघड होतं, वाटेत दोन रेंज सोडून. कोलोन लावलेलं, हसू तसंच. व्हिसा मिळाला म्हणाला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ह्यूस्टनला जातो, तिथे सगळ्यांकडे बंदुका असतात, म्हणून जरा सवय करून घ्यावी. फॉर्मवर पॉइंट फोर फाइव्हवर खूण केली. मी त्याला नाही म्हणू शकत होते. तहाने विचारलंही, मी घेऊ का हा कस्टमर. मी म्हटलं, नको, घरचा माणूस आहे.

आमचं काम असं असतं. नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागे एक हात अंतरावर उभं राहायचं. गोळ्या भरलेलं मॅगझिन आम्हीच देतो, पाच गोळ्या, आणि मोजत राहायचं. पिस्तुल टेबलावर ठेवल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, कारण कानावर हेडफोनसारखं झाकण असलं तरी हाक थोडी ऐकू जाते, आणि नवखा माणूस हाक ऐकली की मान वळवत नाही, सगळा वळतो. हातातल्या पिस्तुलासकट. म्हणून मागून हाक मारायची नाही, आणि तो वळायला लागलाच तर खांदा धरून त्याला पुन्हा समोर ढकलायचं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी स्वतः तीसएक जणांना शिकवलं आहे.

गोळ्या मारण्याआधी, कानावर झाकण चढवायच्या आधी, तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "मोठी बाय, तेरूला सांगून ठेव. या वेळी बाथरूमचं निमित्त लागणार नाही."

मग त्याने झाकण चढवलं आणि मी मॅगझिन दिलं. त्याला नेम येत नाही, तेरू. प्रत्येक गोळीला डोळे मिटतो, मनगट ढिलं सोडतो. एक, दोन, तीन, चार. चारही कागदाच्या खाली डावीकडे. पाचवी नळीत होती. मी मोजलेलं होतं, त्याने मोजलं नव्हतं. माझा उजवा हात त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. मी हाक मारली. जोरात, नाव घेऊन. तो सगळा वळला. पिस्तुलाचं तोंड माझ्या पोटावर होतं. त्याचं बोट ट्रिगरच्या आत होतं की बाहेर, ते मी पाहिलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो हसत नव्हता. मी एक सेकंद हात हलवला नाही, कदाचित दोन. मग मनगट धरून पिस्तुल खाली दाबलं आणि ओरडले, आणि तहाने धावत येऊन त्याला जमिनीवर पाडलं. मनगट त्याचं होतं आणि मी हवं त्यापेक्षा जास्त पिळलं. मोडलं नाही. एवढी अक्कल होती.

भरलेलं पिस्तुल माझ्यासारख्या रेंज ऑफिसरवर रोखणं, हा इथे लहान गुन्हा नाही. क्लबला पोलिसांना कळवावंच लागतं. लेनवरचा कॅमेरा माझ्या पाठीमागे वर असतो. चित्रात माझी पाठ दिसते, आणि तो वळताना, पिस्तुल उचललेलं, माझ्या पोटाशी. तो ओरडून सांगत होता की हिने बोलावलं म्हणून वळलो. असं सगळेच म्हणतात, तहा म्हणाला. फ्रेडीचा पासपोर्ट आता पोलिसांकडे जमा आहे. केस निकाली लागेपर्यंत त्याला देश सोडता येणार नाही. वकील सहा महिने म्हणतो, जास्तही लागतील. मार्चमध्ये तुझ्या दाराशी कोणी येणार नाही. पण कधीतरी येईल, म्हणून थ्री-एटी घे आणि दर आठवड्याला पन्नास गोळ्या मार.

आणि हे सहा महिने कशासाठी आहेत ते नीट लक्षात घे, हे पत्र मी त्यासाठीच लिहिलं आहे. सोबतच्या लिफाफ्यात माझं निवेदन आहे, वकिलासमोर सही करून शिक्का मारलेलं. खलिफा सिटीजवळच्या त्या हॉस्पिटलच्या दोन्ही तारखा, दोन्ही फॉर्म, आणि दोन्ही वेळा मी काय लिहिलं व खरं काय होतं, ते सगळं त्यात आहे. तुझ्या वकीलबाईंना दे, तिथल्या कोर्टातून फ्रेडीला मज्जाव करणारा हुकूम घे. खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावर काही आलं तर येऊ दे. क्लबच्या चौकशी समितीने मला आधी एकच विचारलं, खांदा का धरला नाहीस? वय झालं, हात उशिरा उठला, असं मी लिहून दिलं. हाक मारली होती का, असंही विचारलं. नाही, असं लिहिलं. कॅमेऱ्यात आवाज येत नाही. आयुष्यात मी तीनदा खोटं लिहून दिलं आहे, तिन्ही वेळा फ्रेडीमुळे. पहिली दोन मी मागे घेतली. तिसरं घेणार नाही, फादरसमोरही नाही.

वाचून झालं की हे पत्र जाळ. लिफाफा सांभाळ.

अजून तुझ्या बाजूला उभी असलेली, तुझीच बाय
जॅकलीन