थांब की थांबा

सोमवार, २२ डिसेंबर

संध्याकाळी साडेसातला अर्धी भाजी चिरून टीव्हीपुढे बसणाऱ्या भगिनींनो! आणि पेपर तोंडापुढे धरून चोरून पाहणाऱ्या बंधूंनो! आज सहाशे सहावा भाग झाला. दोन वर्षं! या दोन वर्षांत आपल्या पदरात काय पडलं? विश्रामनं इरावतीला छत्री दिली. इरावतीनं ती वाळवून, घडी घालून परत केली. बस! एवढ्यावर आपण दोन वर्षं काढली. हा अन्याय आपण किती दिवस सहन करायचा?

हे भाषण कोणापुढे करू? वहीपुढेच. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवा म्हणून तुमसरपासून साकोलीपर्यंत गर्जत फिरणारी, हायस्कूलात मराठी शिकवणारी मी 'दोन ओसऱ्या'चा एकही भाग चुकवत नाही, हे सिहोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. पण छत्रीच्या भागानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले, ते कोणाला माहीत नाही.

आज जाहीर झालं — शनिवारी शेवटचा भाग!

आज झोप येणार नाही. कारणं दोन. दुसरं कारण लिहायला घेतलं आणि पेन बाजूला ठेवलं. उद्या.

मंगळवार, २३ डिसेंबर

लिहितेच.

एप्रिलमध्ये ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेले होते. मधुकरराव, आमचे ग्रंथपाल, रजिस्टरमध्ये मान घालून म्हणाले, "सत्यवतीबाई, तुमची पुस्तकं अन् माझी पुस्तकं एकाच घरात राहिली तं कसं होईन?"

मी म्हटलं, "देणगी पाहिजे का ग्रंथालयाला?"

"नाई जी. पुस्तकाइसोबत माणसंबी."

पन्नास वर्षांची बाई मी! हजार माणसांपुढे माईक बंद पडला तरी थांबत नाही. आणि तिथे तोंडातून काय निघालं? — "ती मालिका चालू आहे ना, ती संपू द्या. मग सांगते."

मूर्खपणा! पण तेव्हा मालिका मे महिन्यात संपणार होती. मग टीआरपी वाढला. इरावतीची बदली रद्द झाली. विश्रामला टायफॉईड झाला. नंतर त्याचा एक चुलतभाऊ कुठून तरी उगवला. मे महिन्याचं उत्तर डिसेंबरवर आलं. मधुकररावांनी एकदाही तगादा लावला नाही. भेटले की एवढंच विचारतात, "किती भाग राहिले?"

आता राहिले चार.

गुरुवार, २५ डिसेंबर

शाळेला सुट्टी. ग्रंथालयात गेले. उगाच. परत करायला एकही पुस्तक नव्हतं.

"किती राहिले?"

"आजचा धरून तीन."

"मंग चुलतभाऊ गेला का थो?"

"गेला. दुबईला."

"बरं झालं. मले तं पटतच नोता थो माणूस." आणि रजिस्टरमध्ये मान!

म्हणजे हेही रोज पाहतात. मला वाटत होतं फक्त मोजतात.

या मालिकेत असं काय आहे, ते एकदा नीट मांडून ठेवते. ती पोस्टमास्तर. तो समोरच्या ओसरीवर घड्याळं दुरुस्त करतो. सहाशे भागांत त्यानं तिला 'तुम्ही'शिवाय हाक मारली नाही, तिनंही नाही. लोक म्हणतात, संथ आहे. अरे, संथ कशाला म्हणता! ज्या देशात मुलीला चहाचा ट्रे हातात देऊन वीस मिनिटांत आयुष्याचा निकाल लावतात, तिथे दोन माणसं दोन वर्षं एकमेकांना नीट पाहून घेतात, ही क्रांती आहे! 'तुम्ही'चा 'तू' कधी होतो, एवढीच गोष्ट आहे सगळी. आणि ती एवढीशी गोष्ट केवढी मोठी आहे!

टाळ्या. (माझ्याच.)

पण एक गोष्ट आडवी आहे. बावीस वर्षांपूर्वी सानगडीच्या मैदानावर मी भर सभेत शब्द दिला होता — "बाईच्या नावावर जमीन चढल्याशिवाय ही सत्यवती कोणाच्या घरी नांदायला जाणार नाही!" काय टाळ्या पडल्या होत्या! जमीन अजून चढते आहे, एकेक एकर. आणि ३ जानेवारीला माझं भाषण कुठे आहे? सानगडीला. त्याच मैदानावर. होय म्हणायचं तर आधी तिथे तोंड कसं दाखवायचं? स्वतःचा शब्द गिळणारी बाई दुसऱ्यांना काय सांगणार?

शुक्रवार, २६ डिसेंबर

इरावतीची बदली पुन्हा निघाली. तिनं सामान बांधलं. माझी पोळी करपली. माझ्याकडे राहून शिकणारी भाची, अपेक्षा, ती पोळी गुमान खाऊन उठली. तिला काय काय माहीत आहे?

शनिवार, २७ डिसेंबर

आग लागो त्या लाइनीला!

अकरा बायका घरात. शेजारच्या आनंदाबाई सव्वासहालाच येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. "मी खाली बसली तं उठाले दोन माणसं लागतेत," म्हणाल्या. शिंगाडे उकडले होते, कोणी हात लावला नाही. शेवटचा भाग. एसटी उभी. इरावती खिडकीत. विश्राम धावतो आहे — सहाशे दहा भाग जो माणूस खुर्चीवरून उठला नाही तो धावतो आहे! बस हलते. तो खिडकीखाली येतो, वर पाहतो, धाप लागली आहे, आणि म्हणतो — "थांब—"

लाइन गेली.

अकरा बायका एका सुरात ओरडल्या. रस्त्यावरचं कुत्रं पळालं. टॉवरही गेला, मोबाईलला रेंज नाही. मेणबत्ती लावली आणि त्या उजेडात जी सभा झाली, तशी मी आयुष्यात घेतली नाही. थांब म्हणाला की थांबा?

"थांबाच म्हणलं त्यानं! मी आपल्या कानानं आयकलं," आनंदाबाई.

"काकी, तुमच्या कानाचं मशीन तं तिकडं टीव्हीवर ठेवलं हाये," अपेक्षा.

"मंग? जवळून आयकू आलं!"

हसून हसून माझे डोळे भरून आले. सहा मतं थांबला, चार थांबाला. आनंदाबाईंनी शेवटी पदर झटकला. "हे पुन्या-मुंबईचे लोक लय कंजूस. आपल्याइकडचा असता तं 'थांब ना वो' म्हनला असता. झगडाच मिटला असता!"

मी कोणालाच मत दिलं नाही. सूत्रसंचालन केलं.

रविवार, २८ डिसेंबर

लाइन सकाळी आली. अपेक्षा मोबाईल घेऊन धावत आली. "आत्या, आलं आलं! शेवटचे चार मिनटं. पाह्य ना!"

मी कानांवर हात ठेवले. डोळे मिटले. आणि म्हटलं, "मला पाहायचं नाही!"

"काहून?"

काहून! मलाही कळेना. दुपारी कपडे वाळत घालताना कळलं. शेवटची चार मिनिटं मी पाहिली नाहीत, तर मालिका माझ्यापुरती संपलेली नाही. मालिका संपली नाही, तर उत्तर द्यायचं नाही. कायद्यानं चोख! कोणत्याही वकिलानं मान डोलवावी.

लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं.

सोमवार, २९ डिसेंबर

शाळेत सगळ्यांना सक्त ताकीद — शेवटाबद्दल माझ्यासमोर चकार शब्द नाही. शिपाईसुद्धा मला पाहून तोंड दाबून हसतो.

आनंदाबाई कढीपत्ता मागायला आल्या. (त्यांच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे.) "काय वो सत्यवती, सारं गाव पाहून बसलं. तू कोनासाठी थांबली?"

"कोणाच्याच नाही."

"हव का? मले वाटलं ग्रंथालय उघडाची वाट पाहून राहिली!"

आणि कढीपत्ता न घेताच गेल्या.

बुधवार, ३१ डिसेंबर

ग्रंथालयात गेले. ठरवूनच गेले. आत शिरताच सांगून टाकलं, "शेवट पाहिला नाही मी. लाइन गेली होती."

"मालूम हाये."

"तुमच्याकडे गेली नव्हती ना? तुमच्या लाइनीचा फिडर वेगळा."

"नोती गेली."

"मग सांगू नका! काय म्हणाला ते मला सांगू नका."

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मले कुठं मालूम हाये जी? मी दारातून पाह्यलं, तुमच्या गल्लीत अंधार झाला. मंग मीबी टीव्ही बंद केला."

"काहून?" — माझ्या तोंडून काहून निघालं, मराठीच्या शिक्षिकेच्या!

"तुम्ही थांबल्या होत्या नं."

मी कपाटाकडे तोंड केलं आणि 'शेती व पशुपालन' या फळीवरच्या प्रत्येक पुस्तकाचं नाव वाचलं. दोनदा.

मागून आवाज आला, "चार मिनटं कधी पाहाची ते तुम्ही सांगा. मले घाई नाई. पन मी छप्पन्नचा होऊन राहिलो जी, लयबी लांबवू नका."

घरी कशी आले आठवत नाही. सायकल तिथेच विसरले.

गुरुवार, १ जानेवारी

सानगडीचं भाषण लिहायला बसले. सातबारा, सातबारा, आणि मध्येच माझाच जुना शब्द आडवा. लपवणार नाही. तिथेच दिला, तिथेच सगळ्यांसमोर उघडा करीन. दगड मारतील तर मारोत. मग चार मिनिटं पाहीन.

शनिवार, ३ जानेवारी

सानगडी! काय सांगू!

मैदान भरलं होतं. धान निघालं, हात मोकळे, बायका ट्रॅक्टरनं आल्या. तासभर बोलले. शेवटी पाणी प्यायले आणि म्हटलं, "बायांनो, बावीस वर्षांपूर्वी याच जागी मी तुम्हांला एक शब्द दिला होता. मी म्हटलं होतं, बाईच्या नावावर जमीन चढल्याशिवाय मी कोणाच्या घरी नांदायला जाणार नाही. आज मी तुमच्यासमोर उभी आहे ती त्या शब्दाचा हिशेब द्यायला—"

पहिल्या ओळीतून एक म्हातारी हात वर करून उभी राहिली. चंद्रभागाबाई. तिच्या नावावरच्या दीड एकरासाठी मी तिच्यासोबत तहसिलात सात चकरा मारल्या होत्या.

"बाई, असं म्हनलं होतं का तुम्ही?"

"म्हटलं होतं."

"आमाले तं काईच आठवत नाई!" मागे वळून विचारते, "तुमाले आठवते का वो?"

"नाई बाप्पा!" सगळं मैदान!

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी तो शब्द उराशी धरून बसले, आणि ज्यांना दिला त्यांच्या गावीही नाही!

"मंग तुम्ही लगन करून राहिल्या का, बाई?" चंद्रभागाबाई.

माईक माझ्या हातात होता. "अजून... तसं काही..." हे सगळं भोंग्यातून बाजारापर्यंत गेलं.

"करा नं! नांदाले कायले जाता, त्याईलेच तुमच्या घरी आना! फकत येक सांगून ठेवतो, सातबाऱ्यावर त्याईचं नाव चढवू नका!"

असा हशा मी माझ्या कुठल्याही विनोदाला मिळवला नाही. ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हरसुद्धा टाळ्या वाजवत होते. आभार कोणी मानले, नारळ कोणी दिला, काही कळलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत होते. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

आणि खरं ते लिहून ठेवते. मी लग्नाच्या विरुद्ध कधीच नव्हते. नांदायला जाण्याच्या विरुद्ध होते. अजूनही आहे! हे एका म्हातारीनं अर्ध्या वाक्यात सोडवलं. मी मात्र एवढी वर्षं भाषणं देत बसले.

रविवार, ४ जानेवारी

ग्रंथालयाला सुट्टी. माझ्या निरोपावरून मधुकररावांनी कुलूप उघडलं. अपेक्षाचा मोबाईल 'संदर्भ ग्रंथ' या टेबलावर, शब्दकोशाला टेकवून उभा केला. दोन खुर्च्या. मध्ये एका खुर्चीची जागा सोडलेली.

एसटी. खिडकी. विश्राम धावतो. "थांब—"

आणि बसचा हॉर्न!

नेमका त्याच अक्षरावर! म्हणून सारं गाव गालातल्या गालात हसत होतं! पाहूनही कोणाला काही कळलेलं नाही! पुढे बस थांबते, ती उतरते, त्याच्यासमोर उभी राहते, एकही शब्द नाही, आणि नावं वर सरकू लागतात. संपलं.

आम्ही ते सात वेळा पाहिलं.

"थांबा म्हनते थो," मधुकरराव.

"थांब म्हणतो!"

"ओठ पाहा नं. उघडे राह्यले. थांबा."

"धाप लागली म्हणून उघडे राहिले! थांब!"

"बरं जी, तुमी म्हनता तं थांब." त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "मंग? संपली नं मालिका?"

"संपली."

ते वाट पाहत होते. मी तोंड उघडलं. आवाज नाही! तासतासभर गरजणारा हा गळा, आणि त्यातून एक 'हो' निघेना! मी उठले, मोबाईल घेतला आणि पळाले. अक्षरशः पळाले. फाटकाशी चप्पल तुटली, ती हातात घेऊन.

सोमवार, ५ जानेवारी

मधुकर, बोलता आलं नाही, म्हणून ही वही तुझ्या टेबलावर ठेवून शाळेत जाते आहे. सगळी वाच, स्वयंपाकघरातल्या नाचासकट. शेवटच्या पानात भंडाऱ्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात द्यायच्या नोटिशीचा अर्ज आहे. पत्त्याच्या रकान्यात मी माझं घर लिहिलं आहे. माझी सही झाली. खाली तुझी कर.