विहीणबाईंच्या हातचं सूप

आदरणीय विहीणबाई,

तुम्हांला वाकून नमस्कार आणि व्याह्यांना उभ्यानंच. (एकदा वाकले की माझी कंबर परत यायला तयार नसते, म्हणून एका पत्रात एकदाच वाकते.) यापुढे 'विनंती विशेष' असं लिहायची रीत आहे, पण विनंतीकडे मी सावकाश येईन. आधी विशेष काय ते ऐका.

तुमचा गुडघा काय म्हणतोय? ऑपरेशननंतर जिना उतरायचा नाही अशी ताकीद मिळाल्यापासून तुम्ही वर आणि तुमचं वह्या-पेन्सिलींचं दुकान खाली, अशी ताटातूट झाल्याचं कळलं. दुकान सध्या व्याही बघतात हेही कळलं. गिऱ्हाइकानं खोडरबर मागितलं की ते आधी काय चुकलं याची चौकशी करतात, मग चूक टाळता कशी आली असती ते समजावतात, आणि तोवर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानातून खोडरबर घेऊन घरी पोचलेलं असतं, असं सूनबाई सांगत होती. सांगताना ती हसली. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या लेकीचं हसू आमच्या घरात सध्या फार महाग झालंय.

हाताशी फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहितेय, असं तुम्हांला वाटेल. पण फोनवर आपल्या दोघींचं आजवर काय बोलणं झालंय ते जरा आठवून बघा. बरं आहे ना, बरं आहे, तुमचं बरं आहे ना, आमचंही बरंच आहे. मग थोडा वेळ आपण एकमेकींचा श्वास ऐकतो आणि 'देते हं यांच्याकडे' म्हणून दोघीही सुटतो. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी आपली गाडी काही त्यापुढे सरकलेली नाही. (दोष कुणाचाच नाही. मी आखडू आहे आणि तुम्ही भिडस्त. की उलट?) शिवाय चिरंजीव कामानिमित्त तुमच्या गावावरून जाणारच आहेत, तर टपाल हशील वाचलं.

तर विशेष असं. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून लेकीनं तुम्हांला अर्धंच सांगितलंय, ते पूर्ण मी सांगते. घाबरू नका, बाळ ठणठणीत आहे. पण चौथा महिना संपत आला तरी बाळाच्या आईच्या पोटात अन्न ठरत नाही. सकाळचा चहा नको, दुपारचा भात नको, फोडणीचा वास आला की ती खोलीचं दार लावून घेते. वजन वाढायचं सोडून उतरलं. डॉक्टरीणबाई बोलायला गोड आहेत, पण त्यांनी गेल्या तपासणीला चष्म्यावरून बघत सांगितलं, की पुढच्या तपासणीला, म्हणजे या येत्या सोमवारी, काट्यावर फरक दिसला नाही तर हिला दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याच संध्याकाळी मी तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं, की बाई गं, जगातलं काहीही सांग, काय खावंसं वाटतं? तिनं डोळे मिटून सांगितलं, आईच्या हातचं भोपळ्याचं सूप.

विहीणबाई, खोटं कशाला बोलू, मला आत कुठेतरी टोचलं. माझ्या स्वयंपाकघरात पाककृतींच्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट आहे. लोक झोपताना कादंबऱ्या वाचतात, मी लोणच्यांवरचं प्रकरण वाचते. माझ्या हातून आजवर एक भांडं करपलं असेल तर शपथ. आणि माझ्या घरात, माझ्या सुनेला हवं काय, तर तुमच्या हातचं भोपळ्याचं सूप! पण सोमवार डोक्यावर होता, तेव्हा मान गुंडाळून बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, विचार आईला कसं करतात ते. तुम्ही फोनवर सांगितलंत, 'अगं भोपळा, कांदा, लोणी, मीठ, पाणी. त्यात काय सांगायचं?' हे ऐकून माझी खात्रीच पटली की तुम्ही काहीतरी लपवताय. (याबद्दल माफी मागायची की नाही ते पत्राच्या शेवटापर्यंत ठरवते.)

मग मी कपाट उघडलं. एका पुस्तकात भोपळा आधी भट्टीत भाजायला सांगितलाय. भाजला, सूप केलं, सूनबाईनं चमचाभर चाखून वाटी हळूच सरकवली. दुसऱ्या पुस्तकाची बाई भोपळ्याकडे यायच्या आधी समुद्रकिनाऱ्यावरच्या आपल्या सुट्टीची तीन पानं वाचायला लावते आणि शेवटी जायफळ घाला म्हणते. घातलं. वाटी सरकली. तिसऱ्यात दूध, चौथ्यात आलं, पाचव्यात सफरचंद. (सफरचंदाच्या सुपाला आमचे हे 'गरम सरबत' म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी पाव कोरडाच खाल्ला.) वाटी दर वेळी सरकत होती आणि तुमची लेक इतकी गुणी, की दर वेळी म्हणायची, 'छान झालंय हो आई, पण...' त्या 'पण'नं माझ्या नाकी नऊ आणले. भोपळेवाला मला लांबून बघूनच भोपळा कापायला घ्यायचा. फ्रिजमध्ये इतकी सुपं झाली की दूध बाहेर ठेवावं लागलं.

त्यात आमच्या ह्यांचा वर्तमानपत्राचा नाद. आहाराची बातमी दिसली की ती मला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. सोमवारी भोपळा डोळ्यांना चांगला असतो, बुधवारी तोच भोपळा पोटाला जड होतो, आणि शुक्रवारी परदेशातल्या कुठल्याशा संशोधकांना भोपळ्याबद्दल अजून काहीच ठामपणे सांगता येत नसतं. मी कानाडोळा करते. पण गेल्या रविवारच्या पुरवणीत छापलं होतं की सूप सतत ढवळत राहावं, आणि या रविवारी त्याच जागी, त्याच चौकटीत छापलं की सूप मुळीच ढवळू नये. मग मात्र माझा पारा चढला. आठवडाभर भोपळा ढवळून ढवळून माझा खांदा भरून आला होता, त्याचं काय?

मी सूप गॅसवर ठेवलं (साधं, तुम्ही सांगितलेलं, कपाटावरचा माझा विश्वास तोवर उडाला होता) आणि बाहेरच्या खोलीत जाऊन थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. फोन उचलणाऱ्या मुलीनं तो पुरवणीकडे दिला, पुरवणीनं आणखी कुणाकडे, आणि शेवटी माझ्या वाट्याला जे गृहस्थ आले ते खेळाच्या पानाचे निघाले. पण माणूस ऐकून घेणारा. त्यांना मुळात सूप आवडत नव्हतं, पण त्यांचं म्हणणं न ढवळण्याच्या बाजूनं होतं, म्हणून आमची चांगलीच जुंपली. मी अशी रंगले, अशी रंगले, की गॅस नावाची वस्तू घरात आहे हेच विसरले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. भांड्याच्या तळाशी जे काही घडलं होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. सुपाचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा बराच पुढे निघून गेला होता, एवढंच समजा.

मी फोन टाकून धावले, भांडं उचललं, आता ओतून टाकणार, इतक्यात सूनबाई दारात उभी. जी फोडणीच्या वासानं दार लावून घेते ती या वासानं उठून आली! भिंतीला धरून आली, पण आली. सूप झालंय का, विचारलं, ओट्यावरची पालथी वाटी स्वतः सुलटी केली आणि उभ्याउभ्या एक वाटी प्यायली. मग दुसरी. आमचे हे आत डोकावून 'करपलं वाटतं' एवढं म्हणाले आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. तिसऱ्या वाटीला तिनं पाव मागितला, विहीणबाई, पाव! आणि वाटीचा तळ बोटानं पुसत म्हणाली, 'अगदी आईसारखं.' मी तिच्याकडे पाठ करून भांडं घासत बसले. मला रडू येत होतं. आनंदाचं की रागाचं, ते विचारू नका, दोन्हींचं होतं. ती तीन वाट्यांची पोर त्या दिवशी दुपारभर शांत झोपली आणि काही उलटलं नाही.

त्याला आता चार दिवस झाले आणि ते सूप मला पुन्हा जमलेलं नाही. जमावं कसं? मी भांड्याजवळ उभी राहिले की वेळ येताच हात आपोआप गॅसकडे जातो. गच्चीत जाऊन उभी राहिले, तर नाक मला फरफटत परत घेऊन आलं. परवा मन घट्ट केलं, ओट्याला पाठ लावली, दोन्ही हात बगलेत दाबून धरले आणि होऊ दिलं. त्याचा सरळ कोळसा झाला. सूनबाईनं वास घेऊन हळूच म्हटलं, 'आई, हे नुसतंच करपलंय हो.' म्हणजे त्यातही फरक असतो! आमच्या ह्यांना म्हटलं, मला बोलण्यात गुंतवा. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं सगळं बोलणं मला पाठ आहे, मी हुंकार देत देत चार पदार्थ करू शकते. कचेरीत पुन्हा फोन केला, तर ती मुलगी माझा आवाज ओळखते आणि खेळाच्या पानाचे गृहस्थ सकाळपासून रात्रीपर्यंत जेवायला गेलेले असतात.

असो. आमच्याकडे बाकी सगळं ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका, गुडघा वाकवू नका आणि व्याह्यांना खोडरबरांपासून जरा लांब ठेवा.

तुमची,
(स्वयंपाकात सहसा न चुकणारी)
विहीण

ता. क. हा प्रश्न कसा विचारावा ते सुचेना, म्हणून एवढं मोठं पत्र झालं. रागावणार नसाल तर विचारते. सूप गॅसवर असताना खाली दुकानाची घंटा वाजली, तर तुम्ही आच बारीक करून जिना उतरायचात, की तशीच सोडून? आणि गिऱ्हाईक बोलकं असलं तर? (तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही हो. तुम्ही काही लपवत होतात असं मला वाटलं, त्याची माफी मात्र मागते. तुम्हांला बिचारीला कुठून माहीत असणार?)

दुसरा ता. क. वरच्या प्रश्नाचं उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. सूनबाईला आत्ताच सहज विचारलं, तर ती म्हणाली, की घंटा वाजली आणि आई खाली गेली, की सूप चांगलं होणार हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा आता विनंती. माझ्याकडे दुकान नाही, घंटा नाही, गिऱ्हाईकही नाही. तुम्हीही वर एकट्याच बसून असता. तर उद्यापासून रोज अकराला, मी सूप गॅसवर ठेवलं की, मला फोन करा आणि मी ते पार विसरेपर्यंत बोलत राहा.

शेवटचा ता. क. 'बरं आहे ना'नं काहीही होणार नाही, पाणीसुद्धा कोमट होणार नाही. त्यापेक्षा माझ्या मुलाबद्दल, माझ्याबद्दल, दोन वर्षांत तुमच्या मनात जे काही साचलं असेल ते सगळं काढा. (पाकीट चिकटवूनच त्याच्या हाती देतेय, तो वाचणार नाही.) माझ्या मुलाला कुणी बोललं की मला दुसरं काही दिसत नाही, वासही येत नाही. मीही उलट बोलेन, तेही मनावर घेऊ नका. सोमवार जवळ आलाय, विहीणबाई. लेकीसाठी एवढं कराच, आणि कृपा करून हातचं राखून बोलू नका.