टॅनर स्ट्रीटचं अडतीस अंशांचं फाटक

सोमवार, २१ एप्रिल. सकाळी ८.४०

१. टॅनर स्ट्रीटच्या रेल्वे फाटकावरून, नव्या सायकल मार्गाने, ऑफिसला जात होते. वेळ ७.५२.
२. पुढचं चाक रुळालगतच्या फटीत अडकलं.
३. पडले. उजवा गुडघा, डावा तळहात.
४. फाटकाची घंटा सुरू झाली.
५. शाळेच्या मुलांना तिथे रस्ता ओलांडून देणाऱ्या मिसेस स्टोक्स यांनी आधी मला दंडाला धरून ओढलं, मग सायकल.
६. एकोणीस सेकंदांनी गाडी गेली.

निष्कर्ष: टायर अरुंद होता. मार्गाचा आराखडा माझा आहे, त्यामुळे दोष तिथे नाही.

संकल्प: जाड टायर. ७ मेपर्यंत रोज सायकलच. त्या दिवशी शाळेची साठ मुलं याच मार्गाने सायकलवरून येणार आहेत आणि काउंटीचं वाहतूक खातं, म्हणजे आम्ही, टाळ्या वाजवायला उभे राहणार आहोत.

मंगळवार, २२ एप्रिल

वारा. कारने गेले.

बुधवार, २३ एप्रिल

गुडघा. कारने. फाटकापाशी काच खाली केली. मिसेस स्टोक्स म्हणाल्या, या महिन्यात पडलेली तू पाचवी. लेखी नोंद आहे का, विचारलं. आहे म्हणाल्या, पाच जणांच्या गुडघ्यांवर. मग, रूळ काटकोनात ओलांडायला हवेत, हे त्यांचं नेहमीचं. माझा मार्ग ते अडतीस अंशांत ओलांडतो. नियमपुस्तकात किमान साठ आहे, पण त्याआधी 'शक्यतो' हा शब्द आहे. मी तो अधोरेखित केलेला आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

या मार्गाच्या जाहीर सुनावणीची कागदपत्रं पुन्हा वाचली. काटकोन केला असता तर दंतवैद्याच्या दारातल्या पार्किंगच्या चार जागा गेल्या असत्या. चौदा नागरिक त्या चार जागांवर बोलले, प्रत्येकी तीन मिनिटं. रुळांवर बोलल्या एकट्या मिसेस स्टोक्स. शाळेच्या मुलांची नावं सांगत बसल्या आणि वेळ संपला. प्रक्रियेत खोट नव्हती. सुनावणी बसच्या फेऱ्या वाढवण्यावरही होती. ती सुरू झाली सातला, शेवटची बस सहा दहाची. सगळे कारने आले. मीही.

सोमवार, २८ एप्रिल

फाटकावर नऊ नारिंगी शंकू. मिसेस स्टोक्स रोज सकाळी मांडतात, दुपारी उचलतात. सायकलवाले शंकूंना वळसा घालतात आणि रूळ सरळ, काटकोनात ओलांडतात. शंकू चर्चच्या पार्किंगमधले आहेत. परवानगी घेतलीत का, विचारलं. पाद्रीबाबांची घेतली, म्हणाल्या.

शुक्रवार, २ मे

आठवडाभरात कुणीही पडलं नाही. आराखडा सिद्ध झाला. माझा साहेब कर्टिस याला तसं कळवलं. त्याने शंकूंबद्दल विचारलं. अनधिकृत आहेत, असं सांगितलं. ते खरंच आहे.

(टायर अजून आणायचे आहेत.)

मंगळवार, ६ मे

शंकू स्वतः उचलले. उद्या फोटो आहेत, मार्ग मोकळा दिसायला हवा. मिसेस स्टोक्स म्हणाल्या, "पोरी, उद्या साठ जणांचे दंड धरायला मला हात दोनच आहेत."

जोखमीचं मूल्यमापन झालेलं आहे, असं मी सांगितलं. कुणी केलं, त्यांनी विचारलं. मीच केलं आहे.

बुधवार, ७ मे. सकाळी ९.१५

पहिल्या अकरा मुलांपैकी चार पडली. टायर जाड होते. घंटा वाजली. तीन मुलं उठून पळाली. नीना प्रुइट, वय आठ, सायकल सोडेना. मिसेस स्टोक्स यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला उचललं. सायकल राहिली. गाडी पार पुढे जाऊन थांबली.

नीनाला खरचटलंही नाही. ती बोलत नाहीये.

मी कुठे होते: फोटोच्या रांगेत, डावीकडून तिसरी.

शुक्रवार, ९ मे

फाटक सायकलींसाठी बंद. शंकू मांडल्याशिवाय ते उघडायचं नाही, असा कर्टिसचा लेखी आदेश. संगणकावर तीन मांडण्या केल्या. तिन्ही जागेवर जाऊन करून पाहिल्या. दोनदा पडले. तिसऱ्या वेळी सायकलवरून उतरले.

खालचं पत्र चर्चच्या पत्त्यावर दिलं.

मिसेस स्टोक्स,
सोबत नऊ शंकू. तुम्ही ते नेमके कुठे मांडत होता, हे मला माहीत नाही. मी मोजलं नव्हतं. कृपया जागा कळवावी, किंवा येऊन दाखवावी. उत्तर बुधवार, १४ मेपर्यंत मिळावं.