काढ्याचा वास

प्रिय चिमणे,

परवा फोनवर मी तुला खोकल्याची पुडी फेकून दे म्हणालो, कीड लागलीय म्हणालो, तेव्हा तू हसलीस. बाबांच्या औषधाला लागलेली कीड आता कधीच खोकायची नाही, म्हणालीस. पुडीला कीड नव्हती. तुझ्या आईला बाहेरचं खाणं बाधलं, हेही खोटंच. आज सातवा दिवस, ती मोठ्या दवाखान्यात आहे, आणि मी सांगितलं त्याच्या दसपट आजारी आहे.

मागल्या हिवाळ्यात मला ताप आला होता ना, त्यात माझं वास घेणं गेलं. साफ गेलं. दूध करपून काळं झालं तरी मी चुलीशेजारी बसून खुशाल पेपर वाचत होतो. तुझी आई ओरडली तेव्हा म्हणालो, लक्ष नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! कोस-कोस चालत लोक माझ्याकडे झाडपाल्याच्या औषधाला येतात, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? तिलाही सांगितलं नाही. चार महिने नुसत्या डोळ्यांवर काम चालवलं, तुझी पुडीही त्यातलीच, आणि कुणाला काही झालं नाही, म्हणून जास्तच निर्ढावलो.

टेकडीच्या उतारावर दोन झुडपं शेजारी शेजारी उगवतात. पान तेच, मूळही तसंच पिवळं. एकाला ओल्या मातीचा वास, दुसऱ्याला उंदराच्या मुताचा. पहिल्यानं पायांची सूज उतरते, दुसऱ्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. माझ्या काकांनी मला हुंगायला शिकवलं, नाव कधी सांगितलं नाही. नाव घेतलं की गुण जातो, असं आमच्यात मानतात. लहानपणी तू वही घेऊन माझ्या मागे लागायचीस, हे कुठलं, ते कुठलं, आणि मी तुला हाकलून द्यायचो. तेव्हा सगळं लिहून घेऊ दिलं असतं तर बरं झालं असतं.

तिचे पाय सुजले होते. मी मूळ आणलं, ठेचलं, तिनं उकळत ठेवलं. पहिल्याच उकळीला म्हणाली, आज वास वेगळाच येतोय हो. चाळीस वर्षं माझे काढे तिनंच उकळले, तिला नाही कळणार तर कुणाला? मी काय म्हणालो, सांगू? म्हणालो, आता तू मला शिकवणार का? तिनं काढा गाळला आणि माझ्यासमोर पेला रिकामा केला. थांब म्हणायला कितीसा वेळ लागतो! पण माझा तोरा आडवा आला.

दवाखान्यात तिनं नर्सला सांगितलं, मी काहीसुद्धा घेतलं नाही. माझ्यासाठी खोटं बोलली गं. माझं तोंड उघडेपर्यंत दीड दिवस गेला. डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी आहे. तिनं विचारलं, कसलं मूळ? नाव काय? जन्मभर ज्याच्या जिवावर मान मिळवला, त्याचं नाव मला सांगता येईना. मी धावत घरी गेलो, दोन्ही झुडपं उपटून आणली, तिच्या टेबलावर ठेवली. यातलं कोणतं, तिनं विचारलं. मी दोन्ही मुळं नाकाशी धरली आणि नुसता उभा राहिलो. डॉक्टरनंही हुंगून पाहिलं, पण तिच्या नाकाला दोन्हींचा नुसता मातीचाच वास आला. आईनं हुंगून सांगितलं असतं, पण तोवर तिची शुद्ध गेली होती.

मूत्रपिंडं बंद पडलीत. आता नाव कळलं तरी उपयोग नाही, असं आज डॉक्टर म्हणाली. दोन दिवस, फार तर तीन.

शुद्ध होती तोवर आईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, पोरीला सांगायचं नाही. तेही मोडतोय. आपल्या गावच्या शाळेचे मास्तर आज रात्रीच्या गाडीनं तुझ्या शहरात निघालेत, हे पत्र तेच उद्या सकाळी तुझ्या हातात देतील. त्यानंतर मी फोन करीन आणि नुसतं ‘ये’ म्हणेन, त्यापुढे माझी जीभ रेटायची नाही. तू आलीस की वॉर्डच्या दाराशी आधी मीच दिसेन. काही ठाऊक नसतं तर तू माझ्याच गळ्यात पडून रडली असतीस, बाबांचं आता कसं होणार म्हणाली असतीस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो असतो. ते माझ्यानं झालं नसतं. म्हणून लिहिलं. मला टाळून सरळ आत तिच्याकडे गेलीस, तरी मी हाक मारणार नाही.

तुझाच,
बाबा